खमंग, खरपूस, करपट: जर्मन काळी लागर चाखताना

माझ्या आतेभावाने बाटली उघडायच्या आधीच निकाल देऊन टाकला. "बाप रे, केवढी काळी! मला अर्धाच ग्लास दे, उद्या सकाळी मीटिंग आहे." हे बोलताना त्याच्या हातात जो कॅन होता, त्यातली बिअर होती सोनेरी पिवळी आणि कॅनवर अल्कोहोलचं प्रमाण छापलं होतं ८ टक्के. मी आणलेल्या काळ्या बिअरच्या बाटलीवरचा आकडा होता ४.९.

त्याची चूक नाही. चहा जितका काळा तितका कडक, कॉफी जितकी काळी तितकी कडू, हे आपण लहानपणापासून बघतो. चहा-कॉफीत रंग वाढतो तो पावडर जास्त पडल्यामुळे किंवा जास्त उकळल्यामुळे. बिअरमध्ये रंगाचा उगम वेगळाच आहे, आणि तो समजायला जर्मनीत जायची गरज नाही. आपल्या घरातली नाचणी सत्त्वाची आणि थालीपिठाच्या भाजणीची कृती आठवली तरी निम्मं काम होतं.

नाचणी सत्त्व कसं करतात? नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, हलकी भाजून दळायची. मोड येताना दाण्याच्या आत एन्झाइम जागे होतात. रोपाला वाढायला साखर हवी, म्हणून दाण्यातल्या पिठूळ भागाची साखर करायची तयारी ते सुरू करतात. बिअरसाठी हेच सगळं जवाचं, म्हणजे सातूचं करायचं. दोनेक दिवस भिजवण, चार-सहा दिवस मोड, मग भट्टीत वाळवण. या मोडाच्या वाळवलेल्या जवाला माल्ट म्हणतात.

आता भाजणी. भट्टीचं शेवटचं तापमान ८० ते ८५ अंश सेल्सिअस ठेवलं तर फिकट माल्ट मिळतं, त्याची बिअर पिवळी होते. १००-१०५ अंशांच्या आसपास नेलं तर तांबूस दाणे होतात, त्यांना म्युनिक माल्ट म्हणतात. आणि फिरत्या पिंपात २०० अंशांच्या वर भाजलं तर कॉफीच्या बियांसारखे काळे कुळकुळीत दाणे निघतात. दाण्यातली साखर आणि प्रथिनांचे तुकडे उष्णतेने एकमेकांशी जुळून तपकिरी रंग आणि शेकडो वास तयार करतात. लुई-कामीय माइयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून ही माइयार अभिक्रिया. पोळीवरचे तपकिरी डाग, परतलेला कांदा, भाजणीचा घरभर पसरणारा वास, सगळी तिचीच करामत.

इंग्रजीत बिअर चाखणारे लोक टोस्ट, बिस्किट, कॅरमेल, एस्प्रेसो अशी लांबलचक यादी देतात. मला वाटतं, मराठी माणसाला ती पाठ करायची गरज नाही. आपल्याकडे भाजण्याच्या पायऱ्यांना आधीच तीन नेमके शब्द आहेत: खमंग, खरपूस आणि करपट. गडद जर्मन लागर, म्हणजे थंडीत मुरवलेली बिअर, समजून घ्यायला एवढं पुरतं.

खमंग म्हणजे डुंकेल. जर्मनमध्ये या शब्दाचा अर्थ नुसता 'गडद'. म्युनिक आणि उत्तर बव्हेरियातल्या फ्रँकोनिया प्रदेशाची ही जुनी बिअर. हिच्यात बहुतेक किंवा सगळंच माल्ट म्युनिक प्रकारचं असतं, म्हणजे सगळा दाणा मध्यम भाजलेला. वास ताज्या पावाच्या कडेचा, चव किंचित गोडसर, रंग तपकिरी. खरपूस म्हणजे श्वार्त्सबिअर, शब्दशः 'काळी बिअर'. ही थुरिंगिया, सॅक्सनी, ब्रांडेनबुर्ग आणि फ्रँकोनियातलं कुल्मबाख या बाजूची. हिचा पाया बराचसा फिकट माल्टचा असतो आणि वरून थोडंसं काळं माल्ट घालतात. किती थोडं? १०० किलोत चार-पाच किलो घातलं तरी बिअर काळी दिसते. आमटीत टाकलेल्या काळ्या मसाल्यासारखंच ते. चमचाभर मसाल्याने रंग बदलतो, पण म्हणून आमटी घट्ट होत नाही.

आतेभावाचा गैरसमज इथेच सुटतो. अल्कोहोल तयार होतं साखरेपासून. एकूण माल्ट किती आणि त्यातली किती साखर यीस्टने खाल्ली, यावर कडकपणा ठरतो. काळ्या दाण्यात एन्झाइम भाजून मेलेले असतात आणि यीस्टच्या उपयोगाची साखरही फारशी उरत नाही, म्हणजे रंग देणारा दाणा अल्कोहोलला फारसं काही देत नाही. बिअरचा रंग युरोपात ज्या ईबीसी मापाने मोजतात, त्यात पिल्सनर ही सोनेरी लागर साधारण ६ ते ८ आणि काळी लागर ४० ते ६० असते. अल्कोहोल मात्र दोन्हींत पाच टक्क्यांच्या आसपासच. कडवटपणाही बऱ्याचदा पिल्सनरमध्येच जास्त, कारण तो मुख्यतः हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांतून येतो. अपवाद आहेत. डॉपेलबॉक नावाची जर्मन लागर गडदही असते आणि सात टक्क्यांच्या वरही जाते. पण तिचा कडकपणा जास्त माल्ट घातल्यामुळे आलेला असतो, रंगामुळे नाही.

हलकी म्हणजे बिनधास्त, असंही नाही. ५०० मिलिलिटर बिअर पाच टक्क्यांची असेल तर त्यात २५ मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. पिऊन गाडी चालवायची नाही, आणि महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण असावी लागतात.

आता लागर म्हणजे काय ते. जर्मनमध्ये 'लागर्न' म्हणजे साठवणं, मुरवणं. एल प्रकारची बिअर खोलीच्या साध्या तापमानाला भरभर आंबते. लागरचं यीस्ट ८ ते १२ अंशांच्या थंडीत सावकाश काम करतं आणि नंतर बिअर शून्याच्या आसपास आठवडे, कधी महिने, नुसती पडून राहते. हे यीस्ट संकरित आहे. एक पालक पावाचं आणि एलचं नेहमीचं यीस्ट. दुसरा पालक मात्र कोण हे बराच काळ कोडंच होतं. २०११ मध्ये त्याची जंगली जात सापडली ती थेट दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियात, झाडांवर! नंतर ती तिबेटातही मिळाली. बव्हेरियाच्या तळघरात हे दोघे कसे भेटले, यावर संशोधक अजून भांडत आहेत.

थंडीची सवय कायद्यानेही लावली. बव्हेरियात १५५३ मध्ये ड्यूकने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करायला बंदी घातली, कारण उन्हाळ्यातली बिअर नासायची. मग हिवाळ्यात करायची आणि डोंगराच्या पोटात खणलेल्या तळघरांत उन्हाळाभर साठवायची. तळी गोठली की बर्फ कापून आत रचायचा, वर सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावायची. लोक त्या झाडांखाली बाकं टाकून प्यायला बसू लागले आणि बिअर गार्डन जन्माला आलं. फ्रँकोनियात अजूनही माणसं 'तळघरात' जात नाहीत, 'तळघरावर' जातात, कारण बसायचं छतावर, झाडाखाली. कार्ल फॉन लिंडेने १८७० च्या दशकात शीतकरणाचं यंत्र बनवलं, तेव्हा ते आधी म्युनिकच्या ब्रूअरीनेच वापरून पाहिलं. आपल्या घरच्या फ्रीजच्या वंशावळीत बिअर अशी बसलेली आहे.

त्या काळी लागर म्हणजे गडदच असायची. धूर न लागू देता दाणा फिकट वाळवणं जमायला वेळ लागला, आणि म्युनिकच्या पाण्यात चुना भरपूर. असं पाणी अल्कधर्मी असतं, भाजलेलं माल्ट आम्लधर्मी, दोघांचं जमतं. फिकट माल्ट अशा पाण्यात उग्र लागतं. बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, पिल्सेनचं पाणी मऊ, म्हणून १८४२ मध्ये सोनेरी पिल्सनर तिथे झाली, आणि पुढच्या काही दशकांत पिवळ्या रंगाने जग जिंकलं. गडद लागर हळूहळू गावाकडची, आजोबांची बिअर होऊन बसली.

आणि ती टिकली ती बऱ्याच अंशी लहान ब्रूअऱ्यांमुळे. फ्रँकोनियातलं आउफझेस हे गाव बघा. आजूबाजूच्या वाड्या धरून लोकवस्ती १,३०० च्या आसपास आणि ब्रूअऱ्या चार! माणशी सर्वाधिक ब्रूअऱ्या म्हणून गिनीज बुकात नोंद. चारही ब्रूअऱ्यांना जोडणारी चौदाएक किलोमीटरची पायवाट आहे. रानातून चालायचं, प्रत्येक ठिकाणी एक ग्लास, पुन्हा चालायचं. आपल्याकडच्या वारीत मुक्काम असतात तसे, फक्त पाप-पुण्याचा हिशेब वेगळा. यातली हेकनहोफ वाडीतली काटी-ब्रॉय ही मोटरसायकलवाल्यांत प्रसिद्ध आहे आणि तिची ओळखच गडद लागर. मोठं शहर जवळ नाही, जाहिरात नाही. अंगणात बसा, बिअरचा मग भरून घ्या, पावाबरोबर थंड मांसाचे तुकडे खा.

लहान म्हणजे चांगलंच, अशी समजूत मात्र करून घेऊ नका. थुरिंगियातली क्योस्ट्रित्सर ही ब्रूअरी १९९१ पासून एका मोठ्या समूहाच्या मालकीची आहे, आणि काळी लागर जर्मनीभर पुन्हा माहीत करून देण्यात तिचा वाटा मोठा आहे. लहान ब्रूअरीचा फरक पडतो तो दुसरीकडे. लागर टाकीत आठवडेच्या आठवडे बसून राहते आणि तेवढा काळ टाकी अडते. व्यवहार बघणारा माणूस ती टाकी लवकर रिकामी करू बघेल. ज्याला विकायचंच आहे आसपासच्या वीस-पंचवीस किलोमीटरांत, आणि ज्याचं गिऱ्हाईक चव बिघडली की दुसऱ्या दिवशी दारात येऊन सांगतं, त्याला तशी घाई परवडत नाही. पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रूअऱ्या सुरू झाल्या, पण तिथे गव्हाच्या बिअर आणि एल जास्त दिसतात, लागर कमी. याचं एक साधं कारण ही अडकणारी टाकी.

कायद्याशी भांडायलाही कधीकधी लहानच ब्रूअरी लागते. पोलंडच्या सीमेजवळ ब्रांडेनबुर्गमध्ये नॉयत्सेले नावाचा मठ आहे, १२६८ मध्ये स्थापन झालेला. तिथली ब्रूअरी १५८९ पासूनची. तिची काळी बिअर 'श्वार्त्सर आप्ट', म्हणजे 'काळा मठाधिपती'. हिच्यात शेवटी साखरेचा पाक घालतात. पूर्व जर्मनीच्या काळात त्याचं कुणाला काही वाटलं नाही. दोन जर्मनी एक झाल्यावर पश्चिमेचा बिअर कायदा लागू झाला आणि अधिकारी म्हणाले, हिला बिअर म्हणता येणार नाही. १५१६ चा तो प्रसिद्ध बव्हेरियन हुकूम, बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच, त्याच्या आजच्या रूपात एक गंमत आहे. एल प्रकारात साखर चालते, लागर प्रकारात चालत नाही. श्वार्त्सर आप्ट पडली लागर. जवळजवळ दहा वर्षं खटले चालले, वर्तमानपत्रांनी त्याला 'ब्रांडेनबुर्गचं बिअरयुद्ध' म्हटलं. शेवटी २००५ च्या फेब्रुवारीत लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने निकाल दिला की 'विशेष बिअर' या सवलतीखाली हिला बिअर म्हणायला हरकत नाही. मला स्वतःला गोड काळी बिअर फारशी रुचत नाही, पण त्या मठाधिपतीच्या बाजूने मी नेहमीच असतो. चव कशी असावी हे ठरवायचा हक्क पिणाऱ्याचा.

तर बाटली समोर आहे. आता ती चाखायची कशी?

आधी फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. बर्फगार बिअर तहान भागवते, पण थंडीत वास बाहेर पडत नाहीत आणि गडद लागरमध्ये वासाचाच तर पैसा दिलेला असतो. ८ ते १० अंश बरे. ग्लास काचेचा, आणि साबणाचा किंवा तुपाचा अंश नसलेला. तेलकटपणा लागला की फेस बसतो. ग्लास तिरका धरून ओता, अर्ध्यावर आल्यावर सरळ करा, म्हणजे दोन बोटं फेस राहील. फेस म्हणजे फसवणूक असं आपल्याकडे अनेकांना वाटतं, जणू दूधवाल्याने माप मारलं. पण हा फेस माल्टच्या प्रथिनांनी आणि हॉप्सच्या कडू अंशांनी धरून ठेवलेला असतो, आणि वास तोच वर आणून देतो. गडद लागरचा फेस पांढरा नसतो, सायीकडून बदामीकडे झुकलेला असतो.

मग उजेडासमोर धरा. आतेभावाने धरला आणि चकित झाला. मघाशी काळी वाटलेली बिअर कडेला डाळिंबी लाल दिसत होती, आणि आरपार स्वच्छ. काही लहान ब्रूअऱ्या बिअर गाळत नाहीत, मग ती धुरकट दिसते. तो दोष नाही.

वास घ्यायला दीर्घ श्वास नको. दोन-तीन छोटे हुंगे पुरे, नाहीतर नाक लगेच सरावतं. आधी स्वतःला विचारा: खमंग की खरपूस? पावाची कड, भाजणी, भाजलेले शेंगदाणे वाटले तर खमंगाकडे. कोको, पाणीदार काळी कॉफी वाटली तर खरपूसाकडे. राख किंवा जळकं भांडं आठवलं तर करपट, म्हणजे काळं माल्ट जास्त पडलंय. जवाचं टरफल जळलं की तुरट करपटपणा येतो. म्हणून बाम्बेर्गची वायरमान ही १८७९ पासूनची माल्ट कंपनी जव आधी सोलून मग भाजते. रंग मिळतो, तुरटपणा टळतो.

पहिला घोट मोठा घ्या. जिभेच्या मागेच कडू कळतं, पुढे गोड, असा जो नकाशा शाळेत दाखवायचे तो चुकीचा आहे. सगळ्या चवी जवळजवळ सगळ्या जिभेवर कळतात, तेव्हा बिअर तोंडभर फिरवा. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. सर्दीत वरणभात बेचव का लागतो आठवा. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा घशामागून नाकात चढणारा वास असतो. चांगल्या श्वार्त्सबिअरची ओळख इथे पटते. वासाने वाटतं आता दाट, चॉकलेटी काहीतरी येणार, आणि तोंडात येते अंगाने हलकी, स्वच्छ, शेवटी कोरडी बिअर. ते कोरडेपण थंडीत मुरल्याचं. कडेला फळांचे किंवा लवंगेचे वास नसतात, कारण ते उबेत घाईने काम करणाऱ्या यीस्टचे असतात.

रंग डोळ्यांना किती फसवतो, यावर २००१ मध्ये बोर्दोच्या संशोधकांनी एक गाजलेला प्रयोग प्रसिद्ध केला होता. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली, आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. जे शिकलेल्यांचं होतं ते आपलंही होणारच. घरी सोपं आहे. एक पिवळी लागर, एक काळी, स्टीलचे दोन पेले आणि मिटलेले डोळे. आतेभावाचे तीन अंदाज झाले, त्यातले दोन चुकले. ज्याला तो 'कडक' म्हणाला तो पेला त्याच्याच कॅनमधला होता, एवढं मात्र बरोबर आलं.

बिघाड ओळखायलाही थोडं शिकावं. लोण्याचा, पॉपकॉर्नचा वास आला तर आपल्याला आवडेल, पण लागरमध्ये तो दोष मानतात. यीस्टने तयार केलेला हा पदार्थ नंतर यीस्टच शोषून घेतं, त्याला तेवढा वेळ मिळाला नाही. उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे उकळण कमी पडलं किंवा गार करायला उशीर झाला. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे जुनी किंवा हवा लागलेली बिअर. उन्हात ठेवलेल्या बाटलीला कोंदट, उग्र वास मारतो, कारण प्रकाशाने हॉप्सचे अंश मोडतात. तपकिरी काच त्यासाठीच असते.

अर्धा ग्लास झाल्यावर थांबा. दहा मिनिटांनी तीच बिअर कोमटाकडे गेलेली असते आणि खमंगपणा वर येतो. फ्रँकोनियात हिच्याबरोबर डुकराच्या खांद्याचं भाजलेलं मांस खातात, त्याची कुरकुरीत साल हाच मान. आमच्याकडे त्या दिवशी थालीपीठ आणि लोण्याचा गोळा होता. जवाची भाजणी आणि थालीपिठाची भाजणी एका ताटात, तक्रारीला जागाच नव्हती. झणझणीत रश्श्याबरोबर मात्र मी देणार नाही. तिखटाखाली कोको आणि पावाची कड दोन्ही गायब होतात, आणि नुसता कडवटपणा मागे राहतो.

जर्मनीत असाल तर रिकामी बाटली फेकू नका. बिअरच्या साध्या बाटलीमागे ८ सेंट आणि तारेच्या झाकणाच्या बाटलीमागे १५ सेंट दुकानदाराने आधीच घेतलेले असतात, बाटली नेऊन दिली की ते परत मिळतात. माझ्या त्या बाटलीला तारेचं झाकण होतं. आता ती आमच्या स्वयंपाकघरात खिडकीत आहे, आणि तिच्यात तिळाचं तेल आहे.